तीनरंगी ‘चे’च्या पलीकडे

‘चे’ हा व्हिएतनामी गोड पदार्थ, त्याचे प्रकार अनेक. चे म्हणजे नुसती बर्फ घातलेली खीर, आणि उन्हाळ्यात इतकं गोड सोसवत नाही, असं काही जण म्हणतात. तीनरंगी चेबद्दल हे थोडंफार पटतं. लाल घेवडा, शिजवून घोटलेली मूगडाळ, पानदान नावाच्या सुगंधी पानांची हिरवी जेली, त्यावर नारळाचं दाट दूध आणि बर्फाचा चुरा. पण तीसुद्धा तळापासून ढवळून, बर्फ जरा विरघळू देऊन खायची असते.

एवढ्यावरून सगळ्या चे निकालात काढू नका. मध्य व्हिएतनाममधल्या ह्युए शहरात कमळबिया आणि लोंगनची चे करतात, ती अगदी वेगळी. लोंगन हे लिचीच्या कुळातलं फळ. ते सोलून बी अलगद काढायची आणि त्या पोकळीत शिजलेली कमळबी बसवायची. कमळबीच्या पोटातला हिरवा कोंब आधी काढावाच लागतो, तो फार कडू असतो. (तो वाळवून त्याचा चहा करतात, झोप लागावी म्हणून!) पाक खडीसाखरेचा आणि पातळ. आधी रसाळ गर, मग पिठूळ बी. ह्युएच्या त्या दमट उकाड्यात यासारखं दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे.

घरी करणार असाल तर मखाणे घेऊ नका, ते दुसऱ्याच पाणवनस्पतीचं बी. सोललेल्या सुक्या कमळबिया मिळाल्या तर भिजवून मंद आचेवर शिजवा आणि साखर त्या मऊ झाल्यावरच घाला. आधी घातली तर दाणा कडक राहतो.