मदत हवी आहे: बाबांची ऑटोनॉमिक फंक्शन टेस्ट (बीपी, ठोके आपोआप सांभाळणाऱ्या नसांची तपासणी)

बाबांना जुना मधुमेह आहे. सकाळी पलंगावरून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, एकदा मोरीच्या दारातच तोल गेला. आडवे असताना बीपी १४८/८४, उभं राहिल्यावर दोन मिनिटांत ११६/७०. वरचा आकडा तीन मिनिटांत २० किंवा जास्त उतरला तर ते दखल घेण्याजोगं असतं, इथे तर ३२ ने उतरला. त्यात नाडी जेमतेम चार ठोक्यांनी वाढली, आणि मला काळजी त्याचीच जास्त वाटते. रक्तदाब पडला की हृदयाने वेग वाढवून सावरायला हवं, ते होताना दिसत नाही.

म्हणून डॉक्टरांनी ही टेस्ट लिहून दिली आहे. मिनिटाला सहा या गतीने खोल श्वास घेताना ठोके किती बदलतात ते ईसीजीवर पाहतात, मग नळीत ४० मिमी (पाऱ्याच्या) दाबाने १५ सेकंद फुंकायचं, हाताची मूठ आवळून धरायची वगैरे.

माझी अडचण फुंकण्याची. बाबांच्या डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहामुळे लेझर झालंय आणि जोर लावू नका असं नेत्रतज्ज्ञांनी बजावलंय. असा भाग वगळून कुणाच्या घरी टेस्ट झाली आहे का? उरलेल्या चाचण्यांवरून निदान झालं का? टिल्ट टेबलही (टेबलावर झोपवून ते उभं करत बीपी-नाडी पाहतात ती टेस्ट) करावं लागलं का? बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांमुळे हे होतंय का, ते डॉक्टरांना विचारणारच आहे, मनाने बंद करणार नाही. पुण्यात किंवा साताऱ्याकडे ही टेस्ट नीट कुठे होते, तेही कृपया सांगा. बाबांना एकटं सोडून कामावर जायची भीती वाटते.