प्रोग्रॅम चित्र काढतो, मग विकत घेणारा नेमकं काय घेतो?

वक्ररेषा (सांगली)

नमस्कार मंडळी. मी पॉलिटेक्निकला इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवतो. लॉकडाऊनमध्ये पी-फाइव्ह-जेएस हे चित्रं काढायचं प्रोग्रॅमिंगचं साधन हाताला लागलं आणि तेव्हापासून रात्री जेवणं झाली की तासभर कोडमधून चित्रं काढत बसतो. सध्याचं चित्र उसाच्या फडावरून सुचलंय. वारा आला की पाती एका बाजूला लवतात, मध्येच एखादा पट्टा उलटा लवतो, तसं. पडद्यावर न दिसणाऱ्या बाणांची जाळी आहे आणि प्रत्येक रेघ त्या बाणांच्या कलाने सरकत जाते.

रिफ्रेश केलं की नवं चित्र. दहातली तीन बघत राहावीत अशी, पाच चालण्यासारखी, दोन अगदीच गचाळ. आजवर चांगली तेवढी सेव्ह करायची आणि बाकीची विसरायची असा कारभार होता. आता भाचा मागे लागलाय, "मामा, तीनशेची सिरीज करा, एनएफटी म्हणून लावा." एनएफटी म्हणजे ब्लॉकचेन नावाच्या सार्वजनिक डिजिटल वहीतली चित्राच्या मालकीची नोंद, ती विकता येते. पण त्यात म्हणे मला निवडायची सोयच नाही. घेणारा आधी पैसे भरणार, मग चित्र जन्माला येणार, आणि जे येईल ते त्याचं. म्हणजे माझं गचाळ चित्रही कुणाच्या तरी गळ्यात पडणार.

असं न बघता घेतं तरी कोण? आणि घेणारा चित्र बघतो की भाव? ज्यांनी खरंच पैसे घातलेत त्यांनी सांगावं.

आकडेमोड

भाव बघतो. विषय संपला. 2021 मध्ये एनएफटीसाठी रांगा लागल्या होत्या त्या काही भिंतीवर टांगायला नव्हत्या. मास्तर, खराच ऊस लावा, निदान एफआरपी तरी मिळेल.

बग_सापडला (पुणे)

आकडेमोड, एफआरपी वेळेवर मिळते हे सांगलीत मोठ्याने बोलू नका.

सर, मी पैसे घातलेत. सतरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. डिसेंबर 2021 पासून टेझोस या ब्लॉकचेनवर, एफएक्सहॅश नावाच्या साइटवर, एक्केचाळीस चित्रं घेतली. नऊ विकली, बाकी अजून आहेत. बहुतेक हजार रुपयांच्या आतली, तेव्हा मला कुणी बडी संग्राहक समजू नये.

भाच्याने सांगितलं ते बरोबर आहे, पण अर्धं. लार्वा लॅब्ज या कंपनीची ऑटोग्लिफ्स नावाची 512 चित्रं 2019 मध्ये आली, पण ही पद्धत रुळली ती नोव्हेंबर 2020 मध्ये आर्ट ब्लॉक्स ही साइट सुरू झाल्यावर. ह्यूस्टनच्या एरिक काल्डेरोनने ते काढलं. चित्रकाराने आपला कोड इथेरियम या ब्लॉकचेनवर ठेवायचा. घेणाऱ्याने मिंटचं, म्हणजे पैसे भरून नवं चित्र घडवायचं, बटण दाबलं की हॅश नावाचा एक लांबलचक आकडा तयार होतो आणि तोच कोडला सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा, म्हणून जातो. त्या हॅशचं चित्र कायम तेच. पण बटण दाबेपर्यंत ते चित्रकारानेही पाहिलेलं नसतं. चित्रकार टायलर हॉब्जने 2021 मध्ये एका लेखात या प्रकाराला 'लाँग फॉर्म' म्हटलं, तेच नाव चिकटलं.

तुम्ही आता करता ते याच्या आधीचं. चित्रकार व्हेरा मोल्नार पॅरिसमध्ये 1968 पासून संगणकाला हाताशी धरून चौकोनांच्या मालिका काढत होत्या. यंत्राकडून भरपूर काढून घ्यायचं आणि आपल्या डोळ्याने निवडायचं. गंमत म्हणजे याच बाई वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षी, जुलै 2023 मध्ये, मार्टिन ग्रासरला बरोबर घेऊन 500 चित्रांची लाँग फॉर्म सिरीज घेऊन सदबीज या लिलावगृहात आल्या. विक्री सुमारे 12 लाख डॉलर. त्याच डिसेंबरात त्या गेल्या.

तर तुमची ती निवड जाते कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी जाते. पहिलं ठिकाण कोड. जे गचाळ तुम्ही आता हाताने फेकता ते कोडनेच होऊ द्यायचं नाही. आमच्या भाषेत, रिलीजनंतर पॅच देता येणार नाही अशा सॉफ्टवेअरचं टेस्टिंग. तुमच्या बाणांच्या जाळीला फ्लो फील्ड म्हणतात आणि हॉब्जची फिडेन्झा ही सिरीज, जून 2021, 999 चित्रं, त्यावरच उभी आहे. तिथल्या बहुतेक चित्रांत पट्टे एकमेकांवर चढत नाहीत, कारण प्रत्येक पट्टा टाकण्याआधी जागा मोकळी आहे का ते तपासलेलं असतं. वळणं किती, जाडी किती, रंगसंगती कोणती, सगळ्याची शक्यता आधी ठरवलेली. त्या 999 मध्ये मला कंटाळवाणी वाटलेली पुष्कळ आहेत. फसलेलं मात्र एकही सापडलं नाही, आणि मी पगारच त्याचा घेते.

उलट टोकाचं उदाहरण माझ्याच घरात आहे. मी घेतलेलं चौथं चित्र, पाच टेझचं (टेझ हे टेझोसचं चलन). रात्री अंथरुणात मोबाइलवर मिंट केलं. निळ्यावर गेरूच्या तीन पट्ट्या आणि उजव्या कोपऱ्यात मोकळी जागा. ती मोकळी जागाच मला आवडली होती. सकाळी ऑफिसच्या मॉनिटरवर उघडलं तर पट्ट्या अकरा आणि मोकळी जागा गायब! हॅश तोच, चित्र दुसरंच. कोड उघडून पाहिला. पट्ट्या किती काढायच्या हे त्याने विंडोविड्थवरून, म्हणजे ब्राउझरच्या खिडकीच्या रुंदीवरून, ठरवलं होतं. स्क्रीन रुंद झाली की लूप जास्त वेळा फिरतो, यादृच्छिक आकडे जास्त खर्ची पडतात, आणि तिथून पुढचं सगळंच सरकतं. डिस्कॉर्डवर चित्रकाराला कळवलं. बिचारा ओशाळला, पण तोपर्यंत दीडशे लोकांनी मिंट केलेलं, कोडला हात लावता येत नाही. मी ते विकलं नाही. अजूनही ब्राउझर मोबाइलएवढा आक्रसून बघते.

दुसरं ठिकाण म्हणजे घेणारे. दिमित्री चेर्नियाकची रिंगर्स ही सिरीज घ्या, जानेवारी 2021, हजार चित्रं. खुंट्या मांडायच्या आणि त्यांच्याभोवती दोरा गुंडाळायचा, एवढाच नियम. त्यातल्या 879 नंबरात दोऱ्याचा असा काही आकार आला की लोकांना हंस दिसला. कोडमध्ये हंस कुठेच नाही. ऑगस्ट 2021 मध्ये थ्री ॲरोज कॅपिटल या फंडाने तो 1800 इथरला (हे इथेरियमचं चलन) घेतला, तेव्हाचे 58 लाख डॉलर. पुढच्या वर्षी फंड बुडाला. जून 2023 मध्ये सदबीजमध्ये जप्तीतला माल म्हणून तो लिलावाला आला आणि 62 लाख डॉलरला गेला, तेही बाजार झोपलेला असताना. चेर्नियाकने हजारही चित्रं निवडल्याशिवाय सोडली. मग हजार जणांनी ती पालथी घालून एक निवडलं, त्याला नाव ठेवलं. तुम्ही संगणकापाशी बसून जे करता तेच, फक्त उशिरा आणि पैशाने.

म्हणून भाव की चित्र, हे मला वेगळं काढता येत नाही. ज्यांना चित्र बघायला येत नाही ते रॅरिटीचा तक्ता बघतात: हा रंग शंभरात दोन, म्हणून महाग. तसल्या नादात मी तीन घेतली. दुर्मीळ होती आणि कुरूप होती.

आकडेमोड

म्हणजे पन्नास कोटींचा हंस, आणि तो काढणाऱ्याला माहीतच नाही की त्याने हंस काढलाय. ताई, माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध करताय. शिवाय या साइटा बंद पडल्या की काय करायचं?

बग_सापडला (पुणे)

पडतात की. टेझोसवरची हिक एट नंक ही साइट नोव्हेंबर 2021 मध्ये काढणाऱ्यानेच एके दिवशी बंद केली. पण टोकन, म्हणजे मालकीच्या नोंदी, ब्लॉकचेनवर होत्या आणि फायली आयपीएफएसवर, म्हणजे अनेकांच्या संगणकांवर पसरलेल्या साठ्यात. लोकांनी लगेच दुसरी दारं उघडली आणि चित्रं दिसायला लागली. कायमची राहतील असं मी म्हणत नाही. आयपीएफएसवर फाइल कुणीतरी सांभाळावी लागते. माझी मी एका हार्ड डिस्कवर उतरवून ठेवलीत, हे ऐकून क्रिप्टोवाले हसतात.

वक्ररेषा (सांगली)

ताई, मनापासून आभार. तुमचं वाचून काल रात्री एकही न फेकता ओळीने दोनशे चित्रं काढली आणि सगळी बघितली. अडतीस गचाळ. आणि सगळ्यांचं दुखणं एकच! दोन बाण समोरासमोर आले की रेघा त्या जागी घुटमळतात आणि कंगव्यात अडकलेल्या केसांचा गुंता होतो. तीन वर्षं मी तो गुंता डिलीट करत होतो, का होतो ते कधी बघितलंच नाही.

एक शंका राहिली. घेणाऱ्यालाच आधी बघू दिलं, हवं ते निवडू दिलं, तर? भाचा म्हणतो तसंही कुणीतरी केलंय. आणि पैशाचं काय असतं हेही सांगा, घरात विचारणा होते.

बग_सापडला (पुणे)

केलंय, हॉब्जनेच. सप्टेंबर 2022, डँडेलियन विस्ट या कलाकाराबरोबर, नाव क्यूक्यूएल. मिंट पास, म्हणजे चित्र पक्कं करायचे परवाने, 999, त्यातले 900 लिलावात 14 इथरला एक या भावाने गेले. पण कोड चालवायला पास लागत नाही, साइटवर कुणीही बसावं. पासवाल्याने हवं तेवढं फिरवायचं, आवडलं ते पक्कं करायचं. दुसऱ्याने शोधलेलं सीड पासवाल्याने वापरलं तर पुढच्या विक्रीत शोधणाऱ्याला दोन टक्के. म्हणजे नुसतं निवडणं हेही काम धरलं.

पास माझ्या आवाक्यातला नव्हता, पण त्या साइटवर मी आठवडाभर संध्याकाळी बसले. साडीच्या दुकानात होतं तेच झालं. चाळिसाव्या साडीला डोळे थकतात, सगळ्या सारख्या दिसतात, आणि आपण तिसरी बाजूला काढून ठेवलेली घेऊन घरी येतो. आणखी एक खटकलं. आपण निवडतो ते आपल्याला आधीच आवडत असलेलं असतं. त्या तीन पट्ट्या आणि मोकळी जागा मी शंभरातून कधीच उचलली नसती. ती माझ्या वाट्याला आली म्हणून मी तिच्याकडे नीट बघितलं. तेव्हा माझं मत लाँग फॉर्मकडे, पण तीनशे नको. पन्नास करा. तीनशे वेगवेगळी चित्रं देण्याएवढा तुमचा फड अजून मोठा नाही, राग मानू नका.

पैशाचं थोडक्यात. टेझ 2021 च्या शेवटी चार डॉलरच्या वर होता, नंतर एका डॉलरच्याही खाली गेला, त्यामुळे भावाचे जुने किस्से ऐकून हिशेब मांडू नका. पुनर्विक्रीत चित्रकाराला रॉयल्टी मिळते म्हणतात, पण ओपनसी या एनएफटीच्या बाजाराने 2023 मध्येच ती ऐच्छिक करायचं जाहीर केलं, तेव्हा ती मिळाली तर बोनस समजा. आणि आपल्याकडे 1 एप्रिल 2022 पासून विक्रीच्या नफ्यावर सरळ 30 टक्के कर, एकातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. माझ्या नऊपैकी दोनांत फायदा, सातांत नुकसान. कर त्या दोनांवर पूर्ण भरला. स्वतः काढून विकणाऱ्याचं गणित सीएला विचारून घ्या, माझ्यावर विसंबू नका.

लावण्याआधी दोन गोष्टी. कोडात कुठेही मॅथ डॉट रँडम, म्हणजे सीड न मानणारा यादृच्छिक आकडा, राहिलं असेल तर शोधून काढा, नाहीतर प्रत्येक रिफ्रेशला घेणाऱ्याचं चित्र बदलेल. आणि पी-फाइव्हमध्ये रँडमला सीड दिलं म्हणून नॉइजला (हळूहळू बदलत जाणारे यादृच्छिक आकडे) आपोआप मिळत नाही, त्याला वेगळं द्यावं लागतं. तुमचा वारा नॉइजवरच चालत असणार.

वक्ररेषा (सांगली)

चालतोय. आणि दिलेलं नाही. आत्ताच बघितलं.

आकडेमोड

मास्तर, पन्नास करणार असाल तर एक आमच्याकडेही लावा. गुंत्याचं असलं तरी चालेल.

बग_सापडला (पुणे)

लावलीत की लिंक इथेच टाका. मी रात्री मोबाइलवर मिंट करीन आणि सकाळी ऑफिसच्या मॉनिटरवर उघडून बघीन.