पुरात भिजलेल्या बारा कॅसेटी: वाचवायच्या की सोडून द्यायच्या?

कृष्णाकाठ: २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घराचं खालचं कपाट बुडालं. त्यात दादाच्या पंक बँडच्या बारा कॅसेटी होत्या. होय, सांगलीत पंक, म्हणजे ते आरडाओरडीचं रॉक! चार पोरं, मागून आणलेला ड्रम आणि तालमीला एका अडत्याचं रिकामं हळदीचं गोदाम. सूर कमी, बोंबलणं जास्त. पण गाणी इथलीच: पेठेतला वजनकाटा, नळाची वाट बघणारी घागर. दुसरी प्रत कुठंच नाही. परवा पिशवी सोडली तर फितीवर पांढरी बुरशी. वर्गणी काढून वाचवाव्यात म्हणतो.

मिरजेचा तंबोरा: राग मानू नका, पण वर्गणी कशाला? मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ राहिले, त्यांच्या नावानं दर्ग्यात दरवर्षी गाणं होतं. जुन्या मैफलींच्या खासगी फिती घरोघरी कुजत असतील, त्या आधी वाचवा. तुमच्या पोरांना तेव्हा वीस माणसं ऐकत नव्हती, आता कोण ऐकणार?

कृष्णाकाठ: खाँसाहेबांच्या तबकड्या कंपनीनं काढून विकल्या. एक फुटली तर दुसरीकडं सापडते. इथं एकुलती एक फीत आहे. आणि १८४३ च्या ‘सीतास्वयंवर’ नाटकावरून आपण सांगलीकर नाट्यपंढरी म्हणून मिरवतो, पण त्या रात्रीचा आवाज कुणी ऐकलाय?

मिरजेचा तंबोरा: तेव्हा यंत्रच नव्हतं हो! आता यंत्र आहे म्हणून मोबाईलमधले ‘शुभ सकाळ’ पण जपून ठेवायचे काय?

फीतवाला: भांडा निवांत, पण तोवर कॅसेट लावून बघू नका. बुरशी हेडला, म्हणजे टेपमधल्या फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि ताणात फीत तुटते. हेअर ड्रायर तर अजिबात नको. तोंडाला मास्क लावून काम करा, कॅसेटी कोरड्या, थंड जागी ठेवा. बुरशी सुकली की जाणकाराकडून साफ करून घ्या, मग फीत स्क्रूच्या नव्या कवचात घाला. वाजवताना हेडचा कोन त्या फितीप्रमाणं जुळवायचा, नाहीतर झांजा गोधडीत गुंडाळल्यासारख्या वाजतात. संगणकावर उतरवताना आवाजाचा दर्जा २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ ठेवा आणि वेव्ह फाईल करा, त्यात आवाज दाबला जात नाही. दाबलेली छोटी एमपी३ नंतर काढा. तीन प्रती करा, त्यातली एक पुराच्या रेषेबाहेर, विट्याला पावण्यांकडं ठेवा. ६० मिनिटांच्या कॅसेटी असतील तर नशीब, ९० वाल्यांची फीत फार पातळ.

हरिपूरकर: २००५ च्या पुरात आमच्याकडची हळद साठवायची जमिनीतली पेवं बुडाली. ती काय कुणी उतरवून ठेवली? नदी नेते ते नेते. माझी वर्गणी धरू नका.

ड्रम माझाच होता: बाळ्या, मला विचारलंस का? आपल्या कायद्यात वाजवणाऱ्याचा हक्क ५० वर्षं राहतो, म्हणजे तुझ्या दादाइतकाच माझा. कॅसेटी साफ कर, मी पाच हजार देतो. पण नेटवर एक गाणं टाकायचं नाही. वजनकाट्याच्या गाण्यात ज्या अडत्याला नाव घेऊन शिव्या घातल्यात, गोदाम त्याचंच होतं आणि आज मी त्याच्या पोराकडं हिशेब लिहितो.

कृष्णाकाठ: मग ऐकायचं कुणी, दादूस?

ड्रम माझाच होता: माझ्या घरी या. पंखा बंद करून ऐकू.

हरिपूरकर: थांबा थांबा, कुठला अडत्या? माझे पाचशे धरा.

मिरजेचा तंबोरा: तत्त्वतः माझा विरोध कायम आहे. ते गाणं कितव्या कॅसेटवर?