पाइप दिसला की दचकतात, फुरसं (छोटा विषारी साप) मात्र नजरेतून सुटतं!

प्रश्न: गोव्यात डिचोलीकडच्या कुळागरांत (सुपारी-नारळाच्या बागांत) पावसाळ्यात सापाला घाबरणाऱ्यांचं असं का होतं?

उत्तर १: मानसशास्त्रज्ञ ओहमान आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ३×३ चित्रांच्या मांडणीत तपासलं. फुलं-अळंब्यांतला साप लोकांना लवकर सापडला, सापाला घाबरणाऱ्यांना आणखी लवकर. पण ती चित्रं स्पष्ट होती. फुरसं पालापाचोळ्यात मिसळतं. वळणदार आकारच उठून दिसत नाही.

उत्तर २: शिवाय भीतीने खोटे इशारे वाढतात आणि नजर पाइपवरच चिकटते. बाकीची जमीन बघायची राहते. म्हणून आधी पाऊल पडेल ती जागा, मग पुढची. रात्री टॉर्च, गमबूट हवेतच.

उत्तर ३: भीती घालवायची तर आधी फोटो, मग व्हिडिओ, मग काचेआडचा साप. धडधड चढलेली असतानाच पळालात तर भीती उलट पक्की होते. जिवंत फुरशावर सराव नको, देवा!