हॉस्पिटलला सॉफ्टवेअर घेतोय, पण फायदा झाला हे दाखवायचं कसं?

सातरस्ता_अकाउंट्स:
नमस्कार, सोलापुरात ६० बेडच्या हॉस्पिटलात अकाउंट बघतो. आता ओपीडी, लॅब, फार्मसी, बिलिंग सगळं एकाच सॉफ्टवेअरवर घ्यायचं चाललंय. व्हेंडरच्या पीपीटीत नुसतं 'पेपरलेस' आणि 'कार्यक्षमता', आणि आमचे सर म्हणतात वर्षभरात काय फायदा दिसणार ते लिहून आण. काय लिहू? मागच्या सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर सध्या कॅन्टीनच्या बिलाला आहे, एवढं सांगितलं की कळलं असेल.

वॉर्डवाली_ताई:
दादा आधी आत्ताचं मोजा की. सॉफ्टवेअर आल्यावर मोजून काय उपयोग, तुलना कशाशी करणार? डॉक्टर राऊंडला 'सोडा' म्हणाले तिथून पेशंट गेटबाहेर पडेपर्यंत किती वेळ जातो ते दोन आठवडे वहीत लिहा, आणि कुठं अडकलं तेही. आमच्याकडं अर्धा वेळ औषधाच्या रिटर्नमध्ये आणि फुले योजनेच्या कागदात जायचा, आणि उरलेला वेळ जायचा डॉक्टर डिस्चार्ज समरी संध्याकाळच्या ओपीडीनंतर लिहायचे म्हणून. हे शेवटचं कुठलं सॉफ्टवेअर सोडवतंय? डॉक्टरांनी सवय बदलली तरच. आणि रजिस्टर बंद कधी करणार त्याची तारीख आत्ताच घ्या, नाहीतर सिस्टर दोन्हीकडं लिहित बसतात.

काउंटर_नं_२:
डुप्लिकेट पेशंट पण मोजा. आपल्याकडं मराठी, कन्नड, तेलुगू सगळी नावं, मल्लप्पाचं मलप्पा झालं की नवीन केसपेपर, जुना रिपोर्ट सापडत नाही, मग तीच टेस्ट परत. आभा नंबर, म्हणजे सरकारी हेल्थ आयडी, १४ आकडी असतो तो जोडला की हे बरंच कमी होतं. पेशंटनं मोबाईलवरून काउंटरचा क्यूआर स्कॅन केला की नाव, वय काउंटरला आपोआप येतं. पण म्हाताऱ्या माणसांकडं साधा फोन असतो, त्यांच्यासाठी एक माणूस उभा करावाच लागतो, तो खर्च पण धरा.

जुना_कन्सल्टंट:
एक चूक करू नका, वाचलेल्या वेळाचे पैसे करून दाखवू नका. क्लार्कचा रोज अर्धा तास वाचला तरी पगार तेवढाच जातो, त्या वेळात तो क्लेमच्या क्वेरी निपटणार असेल तर तसं लिहा. पैसा खरा कुठं सापडतो, तर वॉर्डात वापरलेलं पण बिलात न चढलेलं सामान आणि फार्मसीत एक्स्पायर होणारा माल. प्रत्येक फायद्यापुढं एका माणसाचं नाव हवं, आणि ते आयटीवाल्याचं नको, डिस्चार्जचं मेट्रनचं, एक्स्पायरीचं फार्मसिस्टचं. पहिले दोन महिने कामं उलट हळू होतील, तेही सरांना आधीच सांगून ठेवा. ब्रिटनच्या एनएचएसनं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं, २००२ ला देशभराचा आयटी प्रोग्राम काढून २०११ ला गुंडाळायचं जाहीर केलं, अब्जावधी पौंड घालून. आपण तर ६० बेडवाले.

सातरस्ता_अकाउंट्स:
वही आजच आणली ताई. फार्मसिस्टला नाव लिहितो म्हणालो तर म्हणतोय आधी जुना एक्स्पायर माल कुणाच्या नावावर टाकणार ते सांगा 😅

जुना_कन्सल्टंट:
तो वेगळा मोजा, 'आधीचा' म्हणून. तीच तुमची सुरुवातीची रक्कम.