रोजच्या कामांना गुण लावायचे तर दर कसे ठरवावेत?

पाटीपेन्सिल: व्यायाम, आवराआवर, वाचन, टाळत आलेले फोन करणं अशा कामांना गुण द्यायचे आणि साठलेल्या गुणांवर बक्षीस घ्यायचे, असा खेळ वहीत मांडायचा आहे. कोणत्या कामाला किती गुण? बक्षिसाची किंमत कशी काढायची? काम चुकलं तर गुण कापावेत का?

सोंगटी: कामाचं महत्त्व बघू नका, ते सुरू करायला किती जड जातं ते बघा. तीन दर पुरतात. सहज होणारं १, कंटाळवाणं ३, दिवसेंदिवस टाळलं जाणारं ५. दात घासण्यासारखं आपोआप होणारं काम यादीतच नको, नाहीतर फुकटचे गुण साचतात आणि अवघड काम न करताही बक्षीस मिळतं. "व्यायाम" असं मोघम लिहू नका. "२० मिनिटं चालणं" लिहा, म्हणजे रात्री स्वतःशी वाद होत नाही.

पहिला आठवडा नुसती नोंद ठेवा, बक्षीस नाही. त्यातून रोजची सरासरी कळते. ती १२ आली असं धरू. मग छोटं बक्षीस १० गुणांना, आठवड्याचं ७० ते ८०, महिन्याचं ३०० च्या आसपास. शिल्लक वाढतच राहिली तर बक्षिसं महाग आहेत किंवा मनापासून हवीशी नाहीत. दर बदलायचे ते महिन्याच्या एक तारखेलाच. मध्येच बदलले की सगळा खेळ दर ठरवण्यातच जातो. आणि लवकर झोपण्याच्या गुणांवर रात्रीची मालिका विकत घेऊ नका!

बेरीज: गुण कापू नका. हॅबिटिका या अ‍ॅपमध्ये कामांचा असाच खेळ असतो; रोजचं काम चुकलं की त्यातल्या आपल्या पात्राचा जीव घटतो. तो संपला की एक पातळी आणि साठवलेली नाणी जातात. सोबत गट असेल तर काहींना हा धाक मानवतो. एकट्याच्या वहीत मात्र दोन वाईट दिवसांनंतर वही उघडणं हीच शिक्षा वाटू लागते, आणि नोंद थांबली की खेळ संपला. त्यापेक्षा आठवड्यात ५ दिवस काम झालं तर १० गुण जादा द्या. दोन दिवसांची सूट त्यातच आली. मानसशास्त्रज्ञ फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

कोरापत्ता: वाचन आवडत असेल तर ते यादीतून काढाच. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांवर प्रयोग केला. प्रमाणपत्राचं आमिष आधी दाखवलेली मुलं नंतर मोकळ्या वेळात कमी चित्रं काढू लागली. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांचं तसं झालं नाही. पानांवर गुण लावले तर पातळ पुस्तकं निवडली जातात, हे वेगळंच.

पाटीपेन्सिल: वाचन काढलं. घरात दोघांनी खेळायचं असेल तर?

सोंगटी: गुणांची तुलना नको. दोघांना जड जाणारी कामं वेगळी, त्यामुळे तुमचे ५ आणि त्यांचे ५ सारखे नसतातच. वह्या वेगळ्या ठेवा, फक्त महिन्याचं मोठं बक्षीस सामाईक करा. त्यात दोघांचे निम्मे-निम्मे गुण हवेत, म्हणजे एकावरच भार पडत नाही. एकाची सरासरी कमी असेल तर वाटा आपापल्या सरासरीच्या प्रमाणात ठरवा.