सिरॅमिक शिल्पातील अलंकरण आणि क्विअर ओळख

प्रश्न
नमस्कार. मी कोल्हापुरात शिल्पकला शिकतो. क्विअर (रूढ स्त्री-पुरुष चौकटीत न बसणारी ओळख असलेली व्यक्ती) म्हणून जगताना जे म्हणायचे राहून जाते, ते मी सिरॅमिकच्या एका उभ्या आकृतीतून मांडतो आहे. चेहऱ्याला दाढी आहे, नाकात नथ आहे आणि गळ्यापासून कमरेपर्यंत रुळणारा कोल्हापुरी साज आहे. त्यातले जावमणी, चंद्रकोर, मासा, कासव मी एकेक करून हाताने वळले आहेत. पाहणारे मात्र म्हणतात की दागिने कमी केल्याशिवाय ही शोभेची वस्तूच राहील. अलंकरण हाच शिल्पाचा आशय असू शकतो का?

उत्तर १
निश्चितच असू शकतो. आधुनिक कलाविचाराने साधेपणाला गांभीर्याचा मान दिला आणि नक्षीकामाला हौशी, बायकी ठरवून कपाटात बसवले. ज्यांना समाजानेही तसेच बाजूला सारले, त्या कलावंतांना म्हणूनच ही जागा आपली वाटली. कोलंबोत जन्मलेले, सिडनीत काम करणारे शिल्पकार रमेश मारिओ नितियेंद्रन भडक, ओघळत्या ग्लेझच्या (मातीवर भाजून चढवलेल्या काचेसारख्या लेपाच्या) आकृत्यांतून स्त्री-पुरुष ही विभागणीच मोडीत काढतात. ब्रिटिश कलावंत ग्रेसन पेरी यांना 2003 मध्ये ब्रिटनमधील समकालीन कलेचे टर्नर पारितोषिक मिळाले ते नक्षीदार, चित्रांनी भरलेल्या कुंभांसाठी, आणि ते स्वीकारायला ते स्त्रीवेशात गेले होते. तेव्हा एकही मणी कमी करू नका.

उत्तर २
आशयाइतकीच भट्टीचीही काळजी घ्यावी. बारीक मणी अंगापेक्षा लवकर वाळतात आणि सांध्याशी तडकतात, म्हणून अंग ओलसर असतानाच दोन्ही पृष्ठभाग खरवडून, पातळ माती लावून ते बसवावेत आणि संपूर्ण काम प्लास्टिकखाली सावकाश वाळू द्यावे. आकृती आतून पोकळ हवी. सोनेरी झळाळी हवी असल्यास ग्लेझ भाजून झाल्यावर सोन्याचे लस्टर (धातूचा चकाकणारा पातळ लेप) लावून साधारण 700 ते 800 अंश सेल्सिअसला पुन्हा भाजावे लागते. त्या वेळी निघणारा धूर घातक असतो, खोली हवेशीर असावी.

उत्तर ३
मला दागिन्यांपेक्षा दाढीविषयी शंका आहे. दाढी आणि नथ समोरासमोर ठेवली की पाहणाऱ्याला तो विरोधाभास एका नजरेत उलगडतो, आणि मग तुम्ही इतक्या निगुतीने घडवलेल्या साजाकडे तो वळतच नाही. आपल्या भागात यल्लम्मा देवीला वाहिलेले पुरुष, म्हणजे जोगते, पिढ्यान्‌पिढ्या लुगडे नेसून, डोक्यावर ‘जग’ (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली) घेऊन फिरत आले आहेत. त्यांच्या साजशृंगारामागे भक्ती आहे, उपजीविका आहे आणि सोसलेली अवहेलनाही आहे, त्यामुळे नुसत्या वेशाने इथला प्रेक्षक दचकणार नाही. चेहरा शांत, जवळजवळ कोरा ठेवून पाहा आणि साज छातीवर इतका दाट होऊ द्या की खालचे शरीर कोणाचे, हे शोधायला पाहणाऱ्याला मण्यांमधून वाट काढावी लागेल.